कणा, कातडी, काळीज: पाठीचा कणा असलेला प्राणी ओळखायचा कसा

आठवडे बाजारात सुके बोंबील आणि सुकट एकाच ताडपत्रीवर मांडलेले असतात, आणि घरात दोन्हींना सुकी मासळीच म्हणतात. बोंबील उभा फाडला की मधोमध मणक्यांची बारीक माळ हाताला लागते. सुकटीत ती कधीच सापडत नाही. तिचा सांगाडा बाहेर, कवचाच्या रूपात असतो. म्हणजे बोंबील पृष्ठवंशीय, आणि सुकट ही खेकडा-विंचवाच्या संघातली, संधिपाद. वर्गीकरणाचा पहिला धडा एवढ्या मूठभर सामानात होतो.

पुढची पायरी मात्र बहुतेकांची चुकते. प्राणी राहतो कुठे आणि दिसतो कसा, यावरून त्याचा वर्ग ठरवला जातो. पाण्यात आहे म्हणून मासा, उडतं म्हणून पक्षी, लांबडं आहे म्हणून साप. पण राहण्याची जागा आणि बाहेरचा आकार गरजेप्रमाणे बदलत जातात, आणि अगदी वेगळ्या घराण्यांतले प्राणी एकमेकांसारखे दिसू लागतात. अंगावरचं आवरण, श्वासाची इंद्रियं, हृदय, हाडं आणि दात मात्र घराण्याची खूण सहसा सोडत नाहीत. तपासायचं ते हेच.

चार प्रश्नांची किल्ली

शाळेत पृष्ठवंशीयांचे सहा वर्ग शिकवतात: चक्रमुखी, मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी, सस्तन. चक्रमुखींना जबडाच नसतो. ते समुद्रात आणि थंड प्रदेशातल्या नद्यांत राहतात, तापी-गिरणेत मिळत नाहीत. उरलेले पाच वर्ग ओळखायला पुढचे प्रश्न याच क्रमाने विचारावेत आणि उत्तर ‘हो’ आलं की तिथेच थांबावं.

१. अंगावर पिसं आहेत का? असतील तर पक्षी. आज जिवंत असलेल्या दुसऱ्या कोणत्याही प्राण्याला पिसं नाहीत, म्हणून हा प्रश्न सगळ्यांत आधी.

२. केस आहेत का, अगदी तुरळक, मिशांपुरते का होईना? असतील तर सस्तन.

३. आतून काट्यांचा आधार असलेले पर आणि कल्ले, दोन्ही आहेत का? असतील तर मत्स्य.

४. कातडी खवल्यांची किंवा पाठीवर कवच आहे का, पाय असतील तर बोटांना नख्या आहेत का? असतील तर सरीसृप. कातडी उघडी, खवले नाहीत, नख्या नाहीत, तर उभयचर.

क्रम बदलला की घोटाळा होतो. खवल्यांचा प्रश्न आधी विचारला तर खवल्या मांजर सरीसृपांत जाऊन बसतं. त्याचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे, केराटिनचे असतात. पोटावर केस असतात आणि मादी पिल्लाला दूध पाजते. कोंबडीच्या पायावरही खवले आहेतच. खवला एकट्याने काहीच सिद्ध करत नाही.

हमखास फसवणारे

वाम. तापीकाठच्या बाजारात येणारा हा लांबडा, निमुळत्या तोंडाचा मासा पाहून मुलं साप म्हणून मागे सरतात. पाठीवरून बोट फिरवलं तर बारीक काट्यांची रांग लागते, पुढे शेपटीपर्यंत पर असतो, आणि डोक्यामागे कल्ल्याची फट दिसते. सापाला पर नाही, कल्लाही नाही. बोट शेपटीकडून डोक्याकडे फिरवू नये, काटे रुततात.

सापसुरळी. चकचकीत अंग आणि इवलेसे पाय. हिला विषारी समजून मारतात, पण हिच्यात विष अजिबात नाही. ही सरड्यांच्या गटातली: पापणी मिटते आणि डोळ्यामागे कानाचं छिद्र दिसतं. सापाला पापण्या नसतात, बाहेरून कानही नसतो.

पाकोळी. या नावावर भरवसा ठेवू नये; कुणी ते उडणाऱ्या पक्ष्याला वापरतं, कुणी छोट्या वटवाघळाला. पक्ष्याचा पंख पिसांचा. वटवाघळाचा पंख म्हणजे लांबलेल्या बोटांवर ताणलेली कातडी; छत्रीच्या काड्यांसारखी चार बोटं त्यात दिसतात आणि अंगठा वर मोकळा, नखीसह. जमिनीवर पडलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने उचलू नका.

बेडूकमासा, म्हणजे बेडकाचं शेपटीवालं पिल्लू. कल्ले आहेत, शेपटीला परासारखी झालर आहे, म्हणून तिसऱ्या प्रश्नावर मुलं त्याला मासा ठरवतात. झालर उजेडासमोर धरून पाहिली तर तिच्यात काट्यांचा आधार नसतो.

घोणस. घोणस अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. आपल्याकडचं फुरसं, मांडूळ आणि हरणटोळही तसंच. त्यामुळे ‘पिल्लू देतो तो सस्तन’ हे वाक्य वहीतून खोडून टाकावं. सस्तनाची खूण दूध आणि केस. ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस अंडी घालतो, तरी पिल्लांना दूध पाजतो, म्हणून तो सस्तनच.

मासा उघडून पाहणे

अर्धा ते पाऊण किलोचा रोहू किंवा मृगळ घ्या, आणि विकणाऱ्याला आधीच सांगा: खवले काढू नको, पोट चिरू नको. बोथट टोकाची कात्री, चिमटा, ट्रे, भिंग आणि हातमोजे एवढं पुरे.

आधी बाहेरून. डोक्यापासून शेपटीपर्यंत अंगाच्या मधोमध एक ठिपक्यांची रेघ जाते, ती पार्श्वरेषा. भिंगातून पाहिलं तर त्या ओळीतल्या प्रत्येक खवल्याला छिद्र दिसतं. पाण्यातली हालचाल आणि दाबातला फरक माशाला इथून कळतो. मग कल्ल्यावरचं झाकण उचला. आत लाल झालरीच्या चार कमानी, दोन्ही बाजूंना मिळून चार जोड्या. हे झाकण असणं ही अस्थिमत्स्यांची, म्हणजे हाडांचा सांगाडा असलेल्या माशांची खूण. मुशी, म्हणजे शार्क, कास्थिमत्स्य; तिचा सांगाडा मऊ कूर्चेचा. तिला झाकण नसतं, उघड्या फटी असतात आणि कातडी पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागते.

आता गुदद्वारापासून गळ्यापर्यंत पोट कापा, कात्रीचं टोक वरच्या दिशेने उचलून धरा. टोक खाली गेलं तर दोन गोष्टी बिघडतात: पित्ताशय फुटून सगळं हिरवं होतं, किंवा वाताशय फुटतो. वाताशय म्हणजे पाठीच्या कण्याला लागून असलेला पांढरा, चकाकणारा फुगा; रोहूत त्याचे दोन कप्पे दिसतात. त्यातली हवा कमी-जास्त करून मासा पाण्यात हव्या त्या खोलीवर स्थिर राहतो.

मरळ मिळाली तर तिचा कल्ल्यांच्या वरचा कप्पा पाहावा. त्या कप्प्यात ती तोंडाने घेतलेली हवा साठवते आणि तिथूनच प्राणवायू शोषते. म्हणूनच घमेल्यातल्या वीतभर पाण्यात ती तासन् तास जिवंत राहते, आणि जाळ्यात अडकून वर येता आलं नाही तर पाण्यातही गुदमरते. कल्ले आहेत, पर आहेत, म्हणजे मासाच. हवेत श्वास घेतो म्हणून वर्ग बदलत नाही.

तीन हृदयं एका ताटात

पृष्ठवंशीयांचा अभ्यास करायचा तर याच्याइतका चांगला प्रयोग दुसरा नाही. माशाचं, कोंबडीचं आणि बोकडाचं हृदय एकाच दिवशी मिळवा. खाटकाकडे ‘काळीज’ मागू नका, यकृत हातात येईल, ‘दिल’ म्हणा. आणि ते न चिरता, वरच्या नळ्यांसकट द्यायला सांगा, कारण दुकानात रक्त काढण्यासाठी त्याला चीर देतात आणि वरचा भाग छाटून टाकतात. त्या छाटलेल्या भागातच दोन अलिंद, म्हणजे हृदयात येणारं रक्त घेणारे कप्पे असतात. ते गेले की मुलांना चारऐवजी दोनच कप्पे सापडतात.

माशाचं हृदय छातीत शोधू नका. ते गळ्यापाशी, दोन्ही झाकणं खाली जिथे जुळतात त्याच्या आत असतं. एक अलिंद, एक निलय (रक्त बाहेर ढकलणारा कप्पा), असे दोन कप्पे. निलयाच्या पुढे एक पांढरट फुगवटा दिसतो; अनेक जण तो तिसरा कप्पा म्हणून मोजतात. तो रक्तवाहिनीचा फुगीर बुंधा आहे, मोजायचा नाही.

कोंबडीचं आणि बोकडाचं हृदय टोकापासून एक तृतीयांश उंचीवर आडवं कापा. डावा निलय जाड भिंतीचा आणि गोल, उजवा पातळ भिंतीचा आणि चंद्रकोरीसारखा त्याला बिलगलेला. डाव्याला रक्त अंगभर ढकलायचं असतं, उजव्याला फक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंत, म्हणून हा फरक. दोन्ही निलयांच्या मधली भिंत पूर्ण असते, शुद्ध-अशुद्ध रक्त मिसळत नाही. महाधमनी शाबूत असेल तर तिचं वळण पाहा: पक्ष्यात ती उजवीकडे वळते, सस्तनात डावीकडे. चार कप्प्यांचं हृदय दोन्ही घराण्यांत वेगवेगळं घडलं, हे या वळणात दिसतं.

बेडूक आणि सरडा यांची हृदयं आकृतीतच पाहावीत. बेडकात दोन अलिंद, एक निलय. रक्त काही प्रमाणात मिसळतं, पण बेडूक ओल्या कातडीतूनही प्राणवायू घेतो, त्यामुळे त्याचं भागतं. सरीसृपांत निलयात अर्धवट पडदा येतो. मगर-सुसर हा अपवाद, त्यांचा पडदा पूर्ण, कप्पे चार. आणि खरं नातंही तसंच आहे: मगर सरड्यापेक्षा कोंबडीला जवळची. पाच-सहा वर्गांची मांडणी ओळखीसाठी सोयीची आहे; उत्क्रांतीच्या वंशवृक्षात पक्षी ही सरीसृपांचीच एक फांदी आहे. दहावीच्या पेपरात वर्ग लिहावेत, पण हे मनात असू द्यावं.

रक्ताची काचपट्टी

शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर हे नक्की करा. कोंबडी कापताना ताज्या रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घ्या, दुसरी काचपट्टी ३० ते ४५ अंशांत टेकवून एका दमात पुढे ओढा, हवेत वाळू द्या. त्यावर लिशमन रंगाचे ८–१० थेंब टाकून २ मिनिटं थांबा, मग त्याच्या दुप्पट डिस्टिल्ड वॉटर घालून ८ ते १० मिनिटं ठेवा, धुवा, वाळवा. ४० च्या भिंगाखाली कोंबडीच्या लाल पेशी लांबट गोल, मधोमध जांभळ्या केंद्रकासह दिसतात. माशाच्याही तशाच. सस्तनांच्या पक्व लाल पेशीत केंद्रक नसतं.

इथे एक अडचण येते. बोकडाच्या लाल पेशी पाळीव जनावरांत फारच लहान, साधारण ३ ते ४ मायक्रॉन. ४०० पट मोठ्या करूनही त्या नुसते ठिपके दिसतात आणि मुलांना वाटतं रंग चढलाच नाही. गुरांच्या डॉक्टरांकडून गायीची तयार काचपट्टी मिळाली तर फरक स्पष्ट दिसतो. रक्त पातळ करायचं असेल तर साधं पाणी नको, पेशी पाणी पिऊन फुटतात. १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये ०.९ ग्रॅम मीठ घाला. थर जाड पडला तर पेशी एकावर एक चढतात आणि काही उमजत नाही. मुलांच्या बोटातून रक्त काढू नये, संसर्गाचा धोका असतो.

मृगानंतर: उभयचर

पहिला जोराचा पाऊस झाला की शेताच्या कडेचे खड्डे, पाटचाऱ्या आणि नाल्यांची डबकी हीच प्रयोगशाळा. मोठ्या बेडकांचे नर या दिवसांत पिवळेधमक होतात आणि गळ्याशी निळ्या पिशव्या फुगवतात. अंडी पाहा: बेडकाची अंडी चिकट पुंजक्यात किंवा पसरलेल्या थरात, भेकाची, म्हणजे खरखरीत कातडीच्या टोडाची, लांब दोरीसारखी, पाणवनस्पतींना गुंडाळलेली. पिल्लाला आधी मागचे पाय फुटतात, नंतर पुढचे, मग शेपटी आत शोषली जाते. याच काळात कल्ले जाऊन फुप्फुसं येतात आणि हृदय दोन कप्प्यांवरून तीनवर जातं. एकच जीव दोन वर्गांची रचना जगतो; उभयचर हे नाव त्याला शोभतं.

पिल्लं घरी बरणीत आणू नयेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ वन्य प्राण्यांना संरक्षण देतो. शिवाय बरणीतलं पाणी खान्देशच्या उन्हात दुपारपर्यंत तापतं आणि पिल्लं मरतात. दर तीन दिवसांनी त्याच डबक्यापाशी जाऊन फोटो काढणं कितीतरी चांगलं. फोटोत मापासाठी बाजूला पट्टी ठेवा. भेकाची खरखरीत, कोरडी दिसणारी कातडी चौथ्या प्रश्नावर गोंधळात टाकते. तेव्हा बोटं पाहावीत, नख्या नसतात.

शीतरक्ती म्हणजे थंड रक्ताचा नव्हे

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. त्या दुपारी उन्हातल्या दगडावरचा सरडा हाताला गरमच लागेल. शीतरक्ती याचा अर्थ एवढाच की शरीराचं तापमान तो आतून ठरावीक ठेवत नाही, परिसराकडून घेतो. म्हणून हिवाळ्याच्या सकाळी सरडे ऊन खात बसतात आणि उन्हाळ्यात साप दिवस बिळात काढून रात्री निघतात. कोंबडीचं तापमान साधारण ४१ अंश, शेळीचं ३९, माणसाचं ३७. ते टिकवायला सतत खाद्य जाळावं लागतं. सापाचा तो खर्च नाही, म्हणून एका उंदरावर तो कितीतरी दिवस काढतो.

साप ओळखण्यासाठी जवळ जाऊ नये, पकडू तर मुळीच नये. दंश झाल्यावर ‘कोणता साप’ हे शोधण्यात वेळ घालवू नका. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकत्रच चालतं. थेट दवाखाना गाठावा.

कोंबडीचं हाड, शेळीची मान

पक्ष्याची पोकळ हाडं दाखवायची तर पंखाचं खांद्याकडचं पहिलं हाड घ्या, तंगडीचं नको. पंखाच्या त्या हाडात वायुकोशाचा, म्हणजे फुप्फुसाला जोडलेल्या हवेच्या पिशवीचा फाटा शिरलेला असतो. तंगडीच्या हाडात मगज भरलेला सापडतो आणि मुलं म्हणतात, पुस्तक खोटं. ब्रॉयलरही नको, ते ४०–४५ दिवसांचं पिल्लूच असतं, हाड पुरतं पोकळ झालेलं नसतं. गावरान, अंड्यावरची कोंबडी आणा. तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते: बीजकोश एकच, डावा, त्यावर मोहरीपासून लिंबाएवढ्या बलकांची ओळ. उडणाऱ्या अंगाला ओझं कमी हवं.

मणके मोजायचे तर शेळीची अख्खी मान मागा. सात मणके भरतात. उंदीर, माणूस, जिराफ, सगळ्यांचे सातच. सस्तनांत स्लॉथ आणि मॅनेटी असे मोजकेच अपवाद. सहा भरले तर समजा कड्यासारखा पहिला मणका मुंडीलाच चिकटून गेला. कोंबडीच्या मानेत चौदा असतात.

सस्तनांचे गण, म्हणजे वर्गाखालचे गट, दातांवरून आणि पायांवरून लागतात. चिचुंद्रीला उंदीर म्हणतात, पण उंदराला पुढे पटाशीसारखे दात, मग मोकळी जागा, मग दाढा. चिचुंद्रीच्या तोंडात अशी फट नाही, सगळे दात टोकदार, कारण तिचं मुख्य खाणं किडे. ससाही कुरतडणाऱ्यांच्या गणात नाही: त्याच्या वरच्या पटाशीमागे आणखी दोन इवले दात लपलेले असतात. जुन्या वाड्यात किंवा जिनिंगच्या पडक्या शेडमध्ये गव्हाणी घुबड बसत असेल तर खाली त्याने ओकलेल्या करड्या गोळ्या पडतात. हातमोजे घालून दोन-तीन उचला, उकळतं पाणी ओतून तासभर भिजवा, चिमट्याने सोडवा. आत कवट्या शाबूत निघतात. गालाचं हाड कमानीसारखं असेल तर उंदीर. कवटी लांबोडी आणि कमानच नसेल तर चिचुंद्री. घुबड घरट्यावर असेल तेव्हा तिथे जाऊ नये.

पायांसाठी सारंगखेड्याची यात्रा उत्तम. घोड्याचा खूर एक, म्हणजे विषमखुरी गण. उंट, गाय, नीलगाय, रानडुक्कर समखुरी. सातपुड्याच्या वाटेवर धुळीत नख्यांसह ठसा दिसला तर कुत्रा, लांडगा, कोल्हा किंवा तडस. तडस दिसतं कुत्र्यासारखं, पण कवटी आणि कानाच्या हाडांची रचना सांगते की ते मांजर-मुंगसाच्या शाखेतलं. आकार फसवतो याचं इतकं ठळक उदाहरण आपल्या शिवारात दुसरं नाही.

जातीपर्यंत: रानपिंगळा

वर्ग लागला की खाली उतरायचं: गण, कुल, प्रजाती, जाती. इथे एकेक बारीक खूण महत्त्वाची ठरते, आणि खान्देशाकडे त्याचं जगभर माहीत असलेलं उदाहरण आहे. रानपिंगळा या छोट्या घुबडाला १८७३ साली पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी शास्त्रीय नाव दिलं. १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीचा नमुना नव्हता. १९१४ चा म्हणून दाखवला जाणारा नमुना जुनाच, संग्रहालयातून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला. तो नीट ओळखता आला, कारण जुने नमुने बारकाईने तपासून त्याच्या खुणा आधीच पक्क्या केलेल्या होत्या.

गावातला साधा पिंगळा आणि रानपिंगळा यांत फरक पाहताना डोक्यापासून सुरुवात करा. पिंगळ्याच्या माथ्यावर दाट पांढरे ठिपके. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा. चोच आणि पंजे अंगाच्या मानाने थोराड. पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. वहीत संपूर्ण पत्ता असा लिहावा: सृष्टी प्राणी, संघ समपृष्ठरज्जू, उपसंघ पृष्ठवंशीय, वर्ग पक्षी, गण स्ट्रिजिफॉर्मिस, कुल स्ट्रिजिडी, प्रजाती अथेने, जाती ब्लेविटी. जुन्या पुस्तकांत प्रजाती हेटेरोग्लॉक्स दिसेल. जनुकीय तपासणीनंतर त्याला अथेनेत घेतलं गेलं. वहीत दोन्ही नावं ठेवा, म्हणजे जुनी नोंद शोधताना अडणार नाही.

फोटो समोरून एक आणि पाठीमागून एक, असे दोन हवेतच. समोरच्या फोटोत माथा आणि शेपटीचे पट्टे झाकले जातात. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका, विणीच्या दिवसांत तो घरटं सोडून त्या आवाजामागे जातो. नोंदीत तारीख, वेळ, झाड आणि जमिनीपासूनची उंची लिहा. घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका.